मागोमाग आलेलं पाकीट

मुलगी बघायला आलेल्या हेरंबनं पोह्यांचा पहिला घास घेतला, तोच वेफर्सचं रिकामं पाकीट धापा टाकत दारातून आलं आणि त्याच्या पायाशी बसलं. नगरपालिकेनं पाय फुटणारी वेष्टनं सक्तीची केल्यापासून रस्त्यावर टाकलेला कचरा असाच धन्याला हुडकत यायचा.

"रस्ताभर सडा घालत आलात वाटतं?" मुलीची आत्या कडाडली. "असल्या घरात आमची मृण्मयी द्यायची नाही!"

हेरंबचा चेहरा पडला. मृण्मयी त्याला बघताक्षणीच आवडली होती.

इतक्यात आइस्क्रीमचा कागद आत शिरला. हेरंबनं कपाळावर हात मारला. पण कागद त्याला वळसा घालून थेट मृण्मयीच्या पदराला चिकटला.

"आत्या," मृण्मयी हसू दाबत म्हणाली, "आता मला तरी दुसरं कोण सून करून घेणार?"