वला

"वला हाय म्हनला," मनुबाईनं दारात आलेल्या प्रत्येकीला सांगितलं.

तिचा बिरदेव जहाजावरून समुद्रात पडून तीन दिवस झाले होते. शोध चालू आहे, एवढंच कंपनीचा माणूस रोज कळवत होता. आज सकाळी बिरदेवबरोबर काम करणाऱ्या रोडेल नावाच्या फिलिपिनो खलाशाचा फोन आला. तो त्याच्याच भाषेत बोलत होता, रडत होता. मनुबाईच्या कानाला ओळखीचं एकच लागलं, "वला ना, वला ना." म्हणजे पोरगं भिजलंय, पण पाण्यातनं काढलंय.

आटपाडीकडच्या त्या कोरड्या मुलखात ओल्याला वला म्हणतात, आणि ओल कधी वाईट नसते. शेजारणींनी बिरोबाला हात जोडले. तीन दिवस भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडलेला बिरदेवचा बाप जोतीराम उठून बसला. त्यानं भाकरी मागितली. दीड भाकरी खाऊन तिथंच गाढ झोपला.

बिरदेवची बहीण क्रांती पाचगणीच्या एका शाळेत मुलींच्या वसतिगृहावर होती. रजा मिळताच निघाली, ती दुपारच्या एसटीनं पोचली. आईचं बोलणं तिलाही खरं वाटलं. त्या लोकांचे शब्द आपल्यासारखेच असतात, हे दादा नेहमी सांगायचा. तोंडाला ते मुखा म्हणतात, आशेला आसा. दादा कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारायला तिनं मेंढरांच्या वाड्यामागं जाऊन रोडेलला फोन लावला.

रोडेलला आधी काही कळेना. मग तिनं इंग्रजीत वलाचा अर्थ सांगितला. मुखा, आसासारखा हाही आपलाच शब्द ना, असं विचारलं. ते दोन फार जुन्या काळी तुमच्याकडून आले, म्हणाला. वला आमचा आहे. वला म्हणजे नाही. वला ना म्हणजे आता उरला नाही. प्रेत पहाटे सापडलं. कंपनी संध्याकाळी कळवणार होती.

क्रांती घरात आली. मनुबाई विझल्या चुलीपुढं बसली होती.

"आये, वला म्हंजी भिजलेला न्हवं गं."

मनुबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. बाजेकडं बघितलं.

"हळू बोल. मला तवाच कळलं हुतं. तुज्या आबाच्या पोटात दोन घास जाऊ देत, म्हनलं."