धूसर तोंडाची बाई

पडद्यावरच्या बाईनं चांदीच्या कागदातली तयार मसाल्याची वडी सोलली, इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन सांकोचो रश्श्याच्या पातेल्यात टाकली. चर्चच्या हॉलमध्ये "अग्गं बाई!" असा गलका उठला. बाईचं तोंड तेवढं धूसर केलेलं होतं.

मागे उभी असलेली यानिरिस पहिल्या रांगेकडे बघत होती. घरच्या जेवणात मीठ किती पडतं, याचा अभ्यास ती सान्तो दोमिंगोच्या विद्यापीठासाठी करत होती. वस्तीतल्या तीन घरांत तिनं कॅमेरा लावून ठेवला होता. तुम्हाला कोण्णी कोण्णी ओळखणार नाही, असं तिन्ही बायकांना आल्ताग्रासिया मातेची शपथ घेऊन सांगितलं होतं. चित्रण पुढे पाठवण्याआधी वस्तीला दाखवायचं, हा नियम मात्र तिचा तिनंच घालून घेतलेला. नसतं शहाणपण, दुसरं काय!

कारण पहिल्या रांगेत डोन्या ओब्दुलिया बसल्या होत्या. संताच्या जत्रेतला मोठा हंडा त्यांच्या ताब्यात. वडी वापरणारीचा हात त्या हंड्याला लागू द्यायच्या नाहीत. मागे नुसत्या संशयावरून एका बाईला त्यांनी जत्राभर कसावा सोलायला बसवलं होतं. कॅमेरा घेऊन आलेल्या यानिरिसलाही दारातूनच हाकललं होतं, "माझ्या पातेल्यात डोकवायचं नाही."

आता त्या ताडकन उठल्या. "थांबव गं ते! ओळखतेच मी या बयेला. एप्रन दाखव."

एप्रन जांभळा होता. निवडणुकीत उमेदवारानं अख्ख्या वस्तीला वाटलेला.

"खिडकी दाखव."

खिडकी हिरवी. वादळानंतर सरकारनं बांधून दिलेल्या घरांना सगळीकडे तीच खिडकी, तोच ओटा आणि तोच गळका नळ.

"हात बघा मेलीचा, कसा चोरासारखा फिरतोय! आईनं हिला खलबत्ता काय शोभेला दिला होता?"

शेजारच्या घरातली शिंकसुद्धा कुणाची ते सांगणाऱ्या बायका आज खाली मान घालून जोरजोरात वारा घेत होत्या.

खेळ संपला. यानिरिस वायरी गुंडाळायला लागली, तोच डोन्या कासिल्दा आल्या. "पोरी, माझा तेवढा भाग काढून टाक ना. त्या दिवशी ओरेगानो संपला होता गं." त्या जातात न जातात तोच डोन्या नेरेइदा. "नवऱ्याला भूक लागली की तो माणसात नसतो. घाईत पडली वडी. पुसून टाक." मग रडवेल्या डोन्या फ्रेदेस्विंदा. "मला हंड्यावरून काढतील गं!"

यानिरिसला हसू आवरेना. पडद्यावर तर एकच बाई होती. ती नक्की कोण, हे आता तिलाही मूळ चित्रण उघडून बघावं लागणार होतं. पण शपथ पाळली गेली, याचा तिला मनापासून आनंद झाला.

हॉल रिकामा झाला. दिवा मालवायला ती वळली, तर दारात डोन्या ओब्दुलिया. त्यांनी आत येऊन दार लोटलं, कडी घातली आणि यानिरिसचं कोपर घट्ट धरलं.

"खरं सांग, पोरी," त्या कुजबुजल्या, "माझ्या स्वयंपाकघरात तू शिरलीस कधी?"