गाडीपुरता विमा

गाडीचे कागद घेऊन ड्रायव्हर आत आला. साहेब 'थांब' म्हणाले नाहीत, 'जा'ही म्हणाले नाहीत, म्हणून तो दाराशीच उभा राहिला. समोर विमा एजंट छापील कागदावर एकेक खूण करत होता.

"काच फुटली तर?" साहेबांनी विचारलं.

"नवी मिळेल. इंजिनात पाणी शिरलं तर इंजिनाचाही खर्च मिळेल. फक्त ते वेगळं घ्यावं लागतं, साध्या विम्यात येत नाही."

"घ्या, घ्या. आणि किल्ली हरवली तर?"

"किल्लीसुद्धा. रस्त्यात बंद पडली तर आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. कधीही फोन करा."

ड्रायव्हरने डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतला. दोन महिने झाले, क्लच दाबताना गुडघ्यातून कळ येत होती. त्यासाठी कोणाचा माणूस येत नव्हता. आणि इथे बोटभर किल्लीची काळजी! त्याला गाडीचा हेवा वाटला. सवतीचा वाटावा तसा, चांगला घसघशीत. ती या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. तो अकरा वर्षांपासून होता. आणि लाड कोणाचे? तर या पत्र्याच्या राणीचे.

"एक राहिलं," एजंट म्हणाला. "ड्रायव्हरचा अपघात विमा. वर्षाला चार चहांचे पैसे म्हणा. घालू?"

घाला, ड्रायव्हर मनातल्या मनात म्हणाला. एवढी एक खूण करा.

साहेब मोकळेपणाने हसले. "याचा? अहो, हा तर आमच्या घरचाच माणूस. घरच्या माणसाचं काय असं कागदावर करायचं?" त्यांनी वळून प्रेमाने पाहिलं. "काय रे?"

"बरोबर आहे, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

जुना विमा संपून आठवडा झाला होता. अशा वेळी गाडी धड आहे याचे फोटो लागतात, म्हणून एजंट मोबाइल घेऊन खाली आला. पुढून एक, मागून एक, नंबराचा एक. ड्रायव्हर फडकं घेऊन बरोबर फिरत होता. मनात कितीही जळत असलं तरी धूळ दिसली की हात आपोआप पुढे होत होता.

"एक ओरखडा नाही हो," एजंट म्हणाला. "जपलीय बाकी छान." मग त्याने मोबाइल खाली घेतला. "दादा, जरा बाजूला व्हा. फोटोत फक्त गाडी हवी."

ड्रायव्हर मागे सरून एजंटच्या शेजारी उभा राहिला. रोज पुसून पुसून आरशासारखं झालेलं काळं दार आता दोघांच्या समोर होतं.

"आणखी मागे व्हा," एजंट मोबाइलमध्ये बघत म्हणाला. "अजून दिसताय."