दोघांतला एक

रुपर्तो गिटेन्स नाश्त्याला खाली उतरला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकला. खिडकीजवळच्या टेबलाशी एक अनोळखी माणूस बसला होता. क्लबचे खेळाडू राहत त्या हॉटेलची स्वयंपाकीण नेलिदा त्याला पाव वाढत शेजारी उभी होती, तरी दोघांची डोकी एका उंचीला येत होती.

"हा कधी आला?" ती जिन्याजवळून जाऊ लागल्यावर रुपर्तोने विचारलं.

"पहाटेच्या बसने. सहा अंडी खाल्लीन् मेल्यानं."

बास्केटबॉलच्या या लीगमध्ये एका संघात परदेशी खेळाडू दोनच चालत. इथे एक रुपर्तो, पनामाचा. दुसरा यॉर्मन, व्हेनेझुएलाचा. पाराना नदीकाठचा हा क्लब ओळीने पाच सामने हरला होता. तिसरा आला, म्हणजे दोघांतला एक आज बॅग भरणार. रुपर्तोला छत्तिसावं चालू होतं आणि हा त्याचा अकरावा क्लब. अशी सकाळ त्याने याआधी चार गावांत पाहिली होती आणि चारही वेळा बॅग त्यानेच भरली होती. पण तेव्हा दोन-चार दिवसांत कुठून तरी फोन यायचा. आता तो येणार नाही, हे त्याला कळत होतं.

माते, म्हणजे इथला कडू चहा, नळीने ओढत कोच झानिनी आत आले.

"बरा सापडलास. याला आपली भाषा ओ की ठो कळत नाही. तुला इंग्रजी येतं ना? बस इथे."

रुपर्तो समोर बसला.

"विचार, गुडघे कसे आहेत."

त्याने विचारलं.

"चोवीस वर्षांचे!" पाहुणा हसला. त्याचं नाव पेटवे.

रुपर्तोने उत्तर सांगितल्यावर झानिनीही हसले. रुपर्तोच्या उजव्या गुडघ्याला विजारीखाली पट्टा आवळलेला होता.

"आता विचार, बास्केटखाली खेळतो की लांबून मारतो."

बास्केटखाली रुपर्तो खेळायचा. लांबून यॉर्मन मारायचा. घोटभर पाणी पिऊन रुपर्तोने प्रश्न विचारला.

पेटवेने खांदे उडवले. "सांगाल तिथे."

झानिनी मातेची नळी ओढत राहिले. पार तळाशी जाऊन ती घरघरली, तरी ओढत राहिले. रुपर्तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"सांग त्याला," शेवटी ते म्हणाले, "सराव अकराला. खोली दुपारपर्यंत रिकामी होईल. चार नंबर."

रुपर्तोची पाच होती.

त्याने पेटवेला सांगितलं, पण आकड्यावर आवाज असा फुटला की पेटवेला ऐकूच आलं नाही. पुन्हा सांगावं लागलं.

"आणि हे बघ," झानिनी उठत म्हणाले, "यॉर्मनच्या कानावर तूच घाल. तुझं ऐकतो तो. मला असलं जमत नाही."

"मास्तर, त्याची बायको येतेय उद्या. बाळाला घेऊन."

झानिनी थांबले. चिडले नाहीत. खाली वाकून हळूच म्हणाले, "मग सांगतोस याला, खोली पाच नंबर?"

रुपर्तोने मान खाली घातली.

"चार," तो म्हणाला. "सांगितलंय त्याला."

वर चार नंबरचं दार उघडंच होतं. कुणाकडून तरी मागून आणलेला पाळणा यॉर्मनने भिंतीशी लावला होता आणि त्याच्याशेजारी तो पलंगाच्या कडेवर बसला होता. चेहरा पांढराफटक.

"मी पाहिला त्याला, खिडकीतून," तो म्हणाला. "खाली यायचं धाडसच होईना. काय म्हणाले मास्तर?"

रुपर्तो दारात उभा राहिला. त्याने पाळण्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. यॉर्मन त्याच्याकडे बघत राहिला. मग सावकाश उठला.

"अरे देवा," तो म्हणाला. "तू?"

दोन ढांगांत येऊन त्याने रुपर्तोला मिठी मारली. "लाज वाटते रे सांगायला. आत्ता देवाला हेच मागत होतो, मी नको म्हणून. बायको येतेय ना... पण तू जावंस असं नव्हतं मनात. आईशपथ नव्हतं." त्याने मनगटाने डोळे पुसले. "थांब. मी बोलतो त्यांच्याशी. या वयात माणसाला असं हाकलतात होय? तू नसलास तर मीही खेळत नाही, तोंडावर सांगतो त्यांना!"

त्याने चपलांत पाय सरकवले आणि तो दाराशी आला. दारात रुपर्तो उभा होता.

रुपर्तो बाजूला झाला आणि त्याने वाट दिली.