शेवटच्या घरामागची भिंत

कुठल्याही नव्या गेमला गुण देण्याआधी सुहृद परुळेकर एक गोष्ट हटकून करायचा. मारामारी बाजूला ठेवून तो नकाशातल्या शेवटच्या घरामागे जायचा. तिकडे कोणी फिरकत नाही, म्हणून गेम बनवणारे नेमकं तिथेच अंग चोरतात. आता ज्या गेमचा दुसरा भाग त्याच्याकडे परीक्षणाला आला होता, त्याच्या पहिल्या भागात तिथली भिंत अर्धीच होती. परीक्षणात त्यावरून त्याने कंपनीला चांगलं झोडपलं होतं.

दुसऱ्या भागात तो तिथे पोचला, तर एक म्हातारा त्याच भिंतीला चुना लावत होता.

"या परुळेकर," म्हातारा म्हणाला. "भिंत पुरी केली. बघून घ्या."

सुहृदने गेममध्ये आपलं नाव कुठेच दिलं नव्हतं. त्याने ऋजुताला फोन लावला. तीही परीक्षक होती. तिच्या पीसीवर तीच जागा बघायला त्याने सांगितलं.

"अर्धीच आहे रे," ती म्हणाली. "विटा उघड्या आहेत."

"म्हणजे माझ्यापुरती बांधली. गुण मी द्यायचे आणि लोकांनी अर्धी भिंत विकत घ्यायची."

"थांब जरा." ऋजुताचा आवाज खाली आला. "एक म्हातारा बादली घेऊन येतोय."

गेम आपलं बोलणं ऐकतोय, हे सुहृदच्या ध्यानात आलं. फोन ठेवून तो परीक्षण हाताने लिहायला घरात कागद आणि पेन शोधायला लागला.