दादा, खाली बस

जुनी जहाजं तोडायच्या त्या यार्डात एक नियम मोडायचा नाही, असं ठरलेलं होतं. पत्रा ओढायची तार ताणली, की सगळ्यांनी जमिनीवर बसायचं. कारण तार तुटली की कमरेच्या उंचीवरून फिरते आणि वाटेत येईल ते कापत जाते.

त्या दिवशी तार करकरायला लागली आणि सगळे बसले. उभा राहिला तो फक्त नवा मुकादम. मुकादम होऊन आठच दिवस झाले होते, पण पाय जमिनीला लागत नव्हते. त्याचा सख्खा धाकटा भाऊ उठून धावला आणि त्याचा हात ओढायला लागला.

“दादा, खाली बस!”

“दादा घरी! इथे साहेब म्हणायचं. तुमच्यासारखं मातीत बसायला झालो का मी मुकादम?”

आणि त्याने असा ठोसा हाणला, की धाकट्याच्या नाकाचं हाड मोडलं आणि तो उताणा पडला.

तेवढ्यात तार तुटली. मुकादमाचे दोन तुकडे झाले.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने धाकट्याचं रक्ताळलेलं तोंड पाहून विचारलं, “तुला कुणी मारलं रे?”


“दादानं मारलं, साहेब. म्हणून तर वाचलो.”