खिळ्यावरची काठी

“पाची बोटं तुपात म्हणतात ना मिस्त्री, ती हीच,” राखणदार म्हणाला.

“माझी तर तीनच आहेत,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने डावा हात वर करून दाखवला. दोघेही हसले. मिस्त्रीचा मुलगा हसला नाही. तो खाली मान घालून डब्यातला भात चिवडत होता.

वखारीत जेवणाची सुट्टी होती. करवत थांबली होती, तरी कानात तिची घरघर चालूच होती. राखणदाराची रात्रपाळी खरं तर सकाळीच संपायची, पण गडी दुपारपर्यंत ओंडक्यांच्या ढिगाशी रेंगाळत बसायचा. उभी हयात सैन्यात काढलेली, म्हणून सगळे त्याला सुभेदार म्हणत. हुद्दा त्याहून बराच खालचा होता. आज त्याला बोलायला विषयच मिळाला होता. मिस्त्रीचा मुलगा सैन्याच्या भरतीत पास झाला होता. उद्या डॉक्टर तपासणार, की झालं.

“हिशेब सरळ आहे,” सुभेदार म्हणाला. “पगार वेळच्या वेळी. कपडा, बूट, जेवण, सगळं त्यांचं. वर आईबापाचा दवाखाना फुकट. वहिनींच्या हृदयाची झडप बदलायची आहे ना? बदलून मिळेल. इथे तू जन्मभर लाकडं कापलीस तरी ती झडप काही येत नाही, पोरा.”

मिस्त्रीने मान डोलावली. हेच सगळं त्याचं घरी बायकोला सांगून झालं होतं. बायको जिना चढताना मध्येच बसते, आणि बसल्या बसल्या म्हणते, पोराला नका पाठवू. दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता आणि त्याच्याकडेही नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीपाशी निदान पगार मिळत होता.

“आणि काही झालंच,” सुभेदार जरा आवाज उतरवून म्हणाला, “तरी सरकार हात वर करत नाही. पाय गेला तर पायाचे पैसे, बोट गेलं तर बोटाचे. तुझ्या बापाची दोन बोटं या करवतीत गेली, तेव्हा मालकाने काय दिलं?”

“एक दिवस सुट्टी,” मिस्त्री म्हणाला. “तीही बिनपगारी.”

मुलाने डब्याला झाकण लावलं. “काका, एवढं सगळं मिळतं,” त्याने विचारलं, “मग तुम्ही इथे रात्रपाळी का करता?”

पोर वाकड्यात शिरलं असं मिस्त्रीला वाटलं. पण सुभेदाराला राग आला नाही.

“घरी निजलो की झोपेत ओरडतो म्हणे मी,” तो म्हणाला. “नातवंडं घाबरतात. ओंडके बिचारे काही तक्रार करत नाहीत.” मग तो उठला, कपड्यांवरचा भुसा झटकला आणि घरी गेला.

काम पुन्हा सुरू झालं. मिस्त्रीने मुलाकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. फळी हाताने सरकवायची, पण शेवटची वीतभर कधीच नाही. तिथे हात मागे घ्यायचा, भिंतीच्या खिळ्यावरची काठी काढायची आणि काठीने ढकलायचं. खायचंच असेल तर करवतीने काठी खावी. भरतीचं ठरल्यापासून तर तो मुलाला करवतीजवळ फिरकू देत नव्हता, भुसा भरायच्या कामाला लावायचा. डॉक्टरपुढे पोर धड उभं राहायला हवं होतं. आज मुलगाच म्हणाला, बाबा, शेवटचा दिवस आहे, मी चालवतो. मिस्त्री विरघळला.

पहिल्या फळ्या नीट गेल्या. मिस्त्री बटणापाशी उभा राहून बघत होता. हात छान बसलाय पोराचा, असं मनात येऊन त्याला बरं वाटलं, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. काठी खिळ्यावरच होती.

फळी संपत आली होती. मुलाने उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं पुढे काढलं होतं, बाकीची मिटलेली होती. त्याने डोळेही मिटले होते.

मिस्त्रीला सगळं कळलं. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट गेलं की उद्याची तपासणी गेली. मुलगा घरी राहील. त्याची आई रडेल आणि मनातून सुखावेल, तिची झडप चालेल तोवर. बटण मिस्त्रीच्या हाताखालीच होतं, तरी एक क्षण त्याने ते दाबलं नाही. त्या क्षणात त्याने मुलाला आणि बायकोला तोलून पाहिलं. पुढे आयुष्यभर त्याला त्या क्षणाची लाज वाटत राहिली.

मग त्याने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने मुलाचं मनगट मागे ओढलं.

पातं थांबायला वेळ लागला. मिस्त्रीने मुलाचा हात उलटसुलट करून पाहिला. साधा ओरखडाही नव्हता.

“बाबा, मला नाही जायचं,” मुलगा म्हणाला. इतक्या दिवसांत तो हे पहिल्यांदाच बोलला.

“माहीत आहे रे,” मिस्त्री म्हणाला. मुलाच्या बोटांवरचा भुसा तो एकेक बोट धरून पुसत राहिला. “पण बोट द्यायचंच असेल तर तिकडे दे. इथे फुकट जातं.”

त्याने खिळ्यावरची काठी काढून मुलाच्या हातात दिली आणि करवत पुन्हा सुरू केली. फळी अजून वीतभर उरली होती.